मुळांतली बुरशी, पानावरची कीड आणि मित्रकीटक : पार्श्वभूमी

‘मायकोरायझा’ हा शब्द १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रँक यांनी घडवला. ट्रफल या खाद्य बुरशीची लागवड जमते का, हे पाहण्याचे सरकारी काम त्यांच्याकडे होते. हाती लागली ती झाडाची मुळे आणि बुरशी यांची भागीदारी; तिलाच हे नाव मिळाले. बहुतेक पिकांत आढळते ती आर्बस्क्युलर मायकोरायझा मात्र ट्रफलच्या बुरशीहून वेगळी. तिचे तंतू मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखे फाटे फोडतात. मोहरी-कोबीच्या कुळात ती सहसा नसतेच. या बुरशीवरचे संशोधन बराच काळ स्फुरदाभोवतीच (फॉस्फरस) फिरत राहिले.

किडीकडे लक्ष गेले ते उशिरा. १९८५ मध्ये बुरशीयुक्त सोयाबीनच्या तोडलेल्या पानांवर दोन जातींच्या अळ्यांची वाढ खुंटलेली दिसली. १९९४ मध्ये गँज आणि वेस्ट या संशोधकांनी प्लँटॅगो या रानटी वनस्पतीवर काम केले, तेव्हा चित्र गुंतागुंतीचे झाले. बुरशी असली की पानांतली कडू संरक्षक द्रव्ये वाढली आणि पाने कुरतडणाऱ्या अळ्यांचे नुकसान झाले. रस शोषणारा मावा मात्र उलट फोफावला. अनेक अभ्यासांच्या २००९ च्या एकत्रित विश्लेषणातही बुरशीचा परिणाम किडीच्या प्रकारानुसार बदलताना दिसला. म्हणजे ‘बुरशी घाला, कीड हटवा’ हे सरसकट खरे नाही.

मित्रकीटकांचे, म्हणजे किडीवर जगणाऱ्या कीटकांचे, कोडे त्याहून अवघड. पानात नागमोडी बोगदे करणाऱ्या नागअळीवरील परजीवींचे (किडीच्या अंगावर वाढून तिला मारणाऱ्या कीटकांचे) प्रमाण बुरशीच्या जातीनुसार बदलते, असे २००३ मध्ये आढळले. २००४ मध्ये बुरशीयुक्त टोमॅटोकडे माव्यावरची परजीवी गांधीलमाशी जास्त ओढली गेली, तेही मावा नसताना! घेवड्यावर लाल कोळ्याची पैदास वाढली, पण पानांतून सुटणारा गंध बदलल्याने भक्षक कोळीही तिकडे वळले.

२०१३ चा बाकल्यावरचा (एक शेंगभाजी) प्रयोग सर्वांत गाजला. बुरशीच्या तंतूंमधून एका झाडाचा किडीचा इशारा शेजाऱ्याला पोचतो का, हे त्यात पाहिले. मावा लागलेल्या झाडाभोवती चार शेजारी होते. एकाभोवती अडसर नव्हता. दोघांभोवती ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळी होती. तिच्यातून तंतू जातात, मुळे जात नाहीत. चौथ्याभोवती ०.५ मायक्रॉनची, म्हणजे तंतूही अडवणारी. मधल्या झाडावर मावा सोडण्याआधी ४० मायक्रॉनच्या दोनपैकी एक जाळी फिरवून तिचे तंतू तोडले. झाडांवर पिशव्या घातल्या, म्हणजे गंध हवेतून पोचू नये. ज्या शेजाऱ्यांचे तंतू मावा लागलेल्या झाडाशी जोडलेले होते, त्यांचाच गंध माव्याला नकोसा आणि गांधीलमाशीला हवासा झाला.

अशा प्रयोगांत चूक होते ती बहुधा तुलनेच्या झाडात. बुरशीने स्फुरद मिळून झाड मोठे होते, मोठ्या झाडाचा गंधही जास्त. म्हणून बुरशीविरहित झाडाला तेवढे स्फुरद वेगळे द्यावे लागते. ते बुरशीच्या झाडाला भरमसाट दिले, तर बुरशी मुळांत नीट रुजतच नाही. माती निर्जंतुक केली की इतर सूक्ष्मजीवही मरतात, त्यामुळे बुरशीच्या विरजणाचे, बुरशी गाळून काढलेले पाणी दोन्ही कुंड्यांत घालतात. शेवटी मुळे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून, आम्लाने धुऊन ट्रायपान ब्लू या निळ्या रंगद्रव्याने रंगवायची. सूक्ष्मदर्शकाखाली निळे फाटे दिसले नाहीत, तर त्या कुंडीची नोंद ‘बुरशीयुक्त’ म्हणून धरू नये.