घोडी व्याल्यानंतरची गुंतागुंत

घोडी व्याल्यावर पहिल्या काही तासांपासून पुढे साधारण तीन महिन्यांपर्यंत तिला जे त्रास होऊ शकतात त्यांची ही गोव्याच्या संदर्भातली नोंद, म्हणजे वार अडकणं, गर्भाशयाचा दाह, आतला रक्तस्राव, फाटणं, आतड्याला पीळ, कॅल्शियम उतरणं वगैरे. शिंगराचे आजार इथे घेतलेले नाहीत.

गोव्यात घोडी-पैदाशीची म्हणावी अशी परंपरा नाही, आणि इतिहास बघितला तर हे जरा चमत्कारिकच वाटतं, कारण १५१० मध्ये पोर्तुगीज यायच्या आधीपासून अरबस्तान आणि इराणकडचे घोडे इथल्या बंदरात उतरून घाटावर विजयनगरला जात, आणि पोर्तुगीजांनी तर होर्मुझ-गोवा हा घोड्यांचा व्यापार हातात घेऊन जकातीवर भरपूर कमावलं. मग इतके घोडे येऊन इथेच वीण का धरली नाही? एका मताप्रमाणे व्यापारी नरच जास्त आणत, घोड्या सहसा बाहेर जाऊ देत नसत. दुसरं मत दमट हवेला दोष देतं. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटाला मआबरबद्दल सांगतो की चांगल्या घोडीला चांगला घोडा लावला तरी शिंगरू खुजं आणि वाकड्या पायांचं निघतं, पण मआबर म्हणजे कोरोमंडलचा किनारा, गोवा नव्हे, आणि त्यात व्यापाऱ्यांच्या गप्पा किती हे धरूनच ते वाचावं. त्यानेच घोड्यांना मांस घालून शिजवलेला भात चारत असं म्हटलंय, त्यामुळे हवेपेक्षा खाणं हे कारण जास्त पटतं: भात आणि कोंड्यात कॅल्शियम कमी, आणि कोंड्यात तर फॉस्फरस भरपूर, अशा खाण्यावर घोड्याची हाडं बिघडतात हे आता पक्कं माहीत आहे. आज सत्तरी-डिचोलीकडे शिगम्यात घोडेमोडणीला जे घोडे नाचतात ते कमरेला बांधलेले लाकडाचे.

परंपरा नसल्याचा परिणाम असा की इथला गोठेवाला, आणि बऱ्याचदा डॉक्टरसुद्धा, गायीच्या सवयीने विचार करतो, आणि घोडीच्या बाबतीत खरा धोका तिथेच आहे. गायीची वार बारा तास, काहींच्या मते चोवीस तास पडली नाही तरच ती अडकली म्हणतात आणि तोवर लोक निवांत असतात. घोडीची वार एरवी अर्ध्या ते तीन तासांत पडते, तीन तास उलटले की ती अडकली असंच समजायचं. काही जुने ग्रंथ सहा तास देतात, पण आता कल तीनकडे आहे आणि तोच बरा, कारण वाट बघून फायदा काहीच नाही.

वार का अडकते? गायीची वार ठरावीक गाठींनी जोडलेली असते, घोडीची मात्र सगळ्या पृष्ठभागावर बारीक बारीक झुबक्यांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुतलेली. अडकते ती बहुतेक वेळा गर्भाशयाच्या दोन फाट्यांपैकी (यांना शिंगं म्हणतात) शिंगरू नसलेल्या रिकाम्या शिंगाच्या टोकाला, कारण तिथे वार पातळ, घड्या जास्त आणि सोडवणूक उशिरा. म्हणून पडलेली वार जमिनीवर पसरून दोन्ही टोकं शाबूत आहेत का बघतात, हाताएवढा तुकडा आत राहिला तरी त्रास व्हायला पुरतो. प्रमाण साधारण दर शंभर विणींमागे २ ते १०, फ्रिजियन जातीत मात्र निम्म्यापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. विण्यात अडचण आली असेल किंवा सिझेरियन झालं असेल तर शक्यता वाढते.

लोंबणारी वार हाताने ओढायची नाही आणि तिला वजनही बांधायचं नाही. ती गाठ मारून वर बांधतात म्हणजे घोडीचा पाय पडत नाही, आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकसवणारं संप्रेरक, १० ते २० युनिट स्नायूत, दर एक-दोन तासांनी. त्याने भागलं नाही तर १९७० च्या दशकापासून चालत आलेली रीत म्हणजे वारेच्या पिशवीतच दहा-बारा लिटर कोमट निर्जंतुक पाणी भरून तोंड धरून ठेवायचं, ताणाने झुबके सुटतात. अलीकडे नेदरलँड्समधून आलेली पद्धत नाळेच्या रक्तवाहिनीत पाणी सोडण्याची, हिला ताकद कमी लागते आणि आत हात घालावा लागत नाही, त्यामुळे तीच जास्त सोयीची दिसते.

दुर्लक्ष झालं तर गर्भाशयदाह, ताप, मग लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज. हे कसं होतं यावर वाद आहे. आधी सगळं खापर जंतूंच्या विषावर फोडायचे, पण नुसतं ते विष टोचून प्रयोगात लॅमिनायटिस उठवता येत नव्हता, म्हणून आता सगळ्या अंगभर पेटलेली सूज आणि पापुद्रे कुरतडणारी एन्झाइम्स हे स्पष्टीकरण पुढे आहे. कारण कुठलंही धरा, पाय सुजायच्या आधीच चारही खूर आणि नळ्या दोन-तीन दिवस सतत बर्फात ठेवणं याला बऱ्यापैकी आधार मिळालाय. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर मासळीला लागतो तो चुरा बर्फ यासाठी अगदी चालतो. सोबत गर्भाशय धुणं, अँटिबायोटिक, आणि सूज-वेदना उतरवणारं फ्लुनिक्सिन.

गर्भाशयाची धमनी फुटणं हा वयस्क, बऱ्याचदा व्यालेल्या घोड्यांचा आजार. जुन्या ग्रंथांत उजवी बाजू जास्त असं येतं आणि कारण म्हणून आंधळ्या आतड्याचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) दाब देतात, पण वयाने धमनीची भिंत झिजणं, त्यात कदाचित तांब्याची कमतरता, हे जास्त पटणारं. हिरड्या पांढऱ्या, नाडी जलद, ओठ वर करणं, पोटशूळ, घाम. गोव्याच्या हवेत घामावर विसंबू नये, दमट उष्णतेत काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं आणि बाकीच्यांना तो तसाही येतोच. घोडीला अंधाऱ्या जागी शांत ठेवायचं, शिंगरू नजरेसमोर असू द्यायचं. रक्त गर्भाशय तोलून धरणाऱ्या पडद्यात अडकून गाठ झाली तर ती वाचू शकते, पोटात मोकळं सुटलं तर कठीण. रक्तदाब फार वर चढवू नये, त्याने गुठळी सुटते, आणि चोर्ला घाटातून गाडीत घालून हलवायची घाई तर बिलकूल नको.

मोठ्या आतड्याचा पीळ व्याल्यावर तीनेक महिन्यांपर्यंत येऊ शकतो, पोटात जागा झाली म्हणून की खाणं बदललं म्हणून यावर एकमत नाही. एप्रिल-मेत व्यालेल्या घोडीचे हे महिने नेमके पहिल्या पावसात येतात, सुक्या पेंढ्यावरून एकदम हिरव्यावर सोडू नये. वेदना भयंकर, आणि ऑपरेशन काही तासांत झालं तरच उपयोग.

बाकीचं थोडक्यात. गर्भाशय बाहेर येणं गायीपेक्षा खूपच कमी. गर्भाशय फाटलं असेल तर एक ते तीन दिवसांनी ताप आणि पोटदुखी. कॅल्शियम उतरलं तर अंग ताठ, थरथर, हृदयाच्या ठोक्याबरोबर कुशीला उचकीसारखे झटके, शिरेतून कॅल्शियम अगदी हळू. कासदाह क्वचित. योनी-गुदद्वार मिळून फाटलं असेल, विशेषतः पहिलटकरणीत, तर लगेच शिवत नाहीत, सूज उतरेपर्यंत चारेक आठवडे थांबतात.

व्याल्यावर पाच ते बारा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. गर्भ ओव्युलेशननंतर (बीज सुटल्यावर) पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात उतरतो, त्यामुळे दहाव्या दिवसानंतर ओव्युलेशन झालं तर गर्भाशयाला सावरायला वेळ मिळून गर्भ राहण्याचं प्रमाण सुधारतं, आणि वार अडकली होती किंवा सोनोग्राफीत पाणी दिसलं तर बरेच पैदासकार तो माज सोडूनच देतात.