डिमन गेला तरी गेस्ट चालू कसा राहतो

लिबव्हर्ट हे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (म्हणजे गेस्ट) सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचा डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, रीस्टार्ट केला तर चालू असलेले गेस्ट बंद पडतात का? आज याचं उत्तर 'नाही' असं आहे. 2009 च्या आधी ते 'हो' होतं, आणि तेही अपघाताने नव्हे, ठरवून.

फाब्रिस बेलार यांचं क्यूईएमयू, म्हणजे संगणकाची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, 2003 पासून होतं. अवी किविटी यांनी सुरू केलेलं केव्हीएम (कर्नललाच व्हर्च्युअल मशीन चालवता यावी यासाठीचा भाग) फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत कर्नलमध्ये आलं. 2005 च्या अखेरीस झेन या हायपरवायझरसाठी (हार्डवेअरवर थेट बसून व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) जन्मलेल्या लिबव्हर्टने त्याच सुमारास क्यूईएमयूला हात घातला, आणि इथेच प्रश्न उभा राहिला. झेनमध्ये गेस्ट हायपरवायझरच्या अखत्यारीत असतो. क्यूईएमयूचा गेस्ट मात्र लिनक्सवरची एक साधी प्रोसेस. ती सुरू कोणी करायची, तिच्या मॉनिटरवर, म्हणजे तिला आज्ञा देण्याच्या वाहिनीवर, कोणी बोलायचं? हे काम लिबव्हर्टडी या लिबव्हर्टच्या डिमनकडे आलं. हा डिमन बंद होताना आपल्या यादीतले सगळे गेस्ट मारूनच बाहेर पडायचा. कठोर वाटतं, पण तर्क होता: कोणत्या गेस्टचा मॉनिटर कुठे, त्याला कोणती डिस्क जोडली, ही सगळी माहिती डिमनच्या मेमरीत असायची. तो गेला की मागे उरलेल्या प्रोसेसना वाली नाही.

जानेवारी 2009 अखेरच्या 0.6.0 आवृत्तीने हे बदललं. क्यूईएमयूची प्रोसेस डिमनपासून पूर्ण तोडून सुरू होऊ लागली, म्हणजे तिची पालक प्रोसेस लिबव्हर्टडी नाही, तर पीआयडी 1, म्हणजे सिस्टमची पहिली प्रोसेस. प्रत्येक चालू गेस्टची एक्सएमएल फाइल रन डिरेक्टरीत (चालू प्रोग्रामांची तात्पुरती माहिती ठेवण्याची जागा) लिहिली जाऊ लागली आणि मॉनिटरचा पत्ताही त्यातच. डिमन परत उठला की या फाइली वाचतो, एकेका मॉनिटरला जोडून घेतो, गेस्टची स्थिती विचारतो आणि यादी पुन्हा उभी करतो. मधल्या काळात जो गेस्ट बंद झाला, त्याचा मॉनिटर उत्तर देत नाही. तो बंद म्हणून नोंदला जातो. गेस्ट आता डिमनचं अपत्य नसल्याने तो मेल्याची खबर कर्नलकडून थेट मिळत नाही, मॉनिटरचं कनेक्शन तुटलं यावरूनच ती कळते. आणि सध्याच्या लिनक्सवर रन डिरेक्टरी मेमरीत असते, त्यामुळे होस्ट (गेस्ट ज्यावर चालतात तो संगणक) रीबूट झाल्यावर जुन्या गेस्टची भुतं उरत नाहीत.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण 2011 मध्ये फेडोरा 15 या लिनक्स वितरणाने सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारं सॉफ्टवेअर) स्वीकारलं. सिस्टमडी सर्व्हिस थांबवताना पालक-अपत्य नातं बघत नाही, सीग्रुप, म्हणजे कर्नलने एकत्र बांधलेला प्रोसेसचा गट, बघतं. त्या सीग्रुपमध्ये जे जे सापडेल ते मारणं हा त्याचा डीफॉल्ट. पीआयडी 1 ला दत्तक दिलेले गेस्ट सीग्रुपच्या हिशेबात अजून लिबव्हर्टडीच्याच घरात होते. म्हणून लिबव्हर्टडीच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) 'किलमोड' ही सेटिंग 'प्रोसेस' अशी ठेवावी लागली: फक्त मुख्य प्रोसेस मारा, बाकीच्यांना हात लावू नका. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि स्वतःची युनिट फाइल लिहिणारे नेमकी तीच गाळतात. 2013 मध्ये सिस्टमडी-मशीनडी (व्हर्च्युअल मशीनची नोंद ठेवणारी सर्व्हिस) आल्यावर प्रत्येक गेस्टला वेगळा स्कोप, म्हणजे स्वतःचा सीग्रुप, मिळाला आणि गुंता सुटला.

हा प्रश्न एकट्या लिबव्हर्टचा नव्हता. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स 3 या हायपरवायझरच्या काळात, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आपोआप सुरू-बंद करण्याची सोय चालू असेल तर व्यवस्थापन एजंट रीस्टार्ट करताना व्हीएमच रीबूट होण्याचा धोका होता. तशी ताकीदच होती. कंटेनर (वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या प्रोसेस) चालवणाऱ्या डॉकरला ते कंटेनर न थांबवता डिमन रीस्टार्ट करण्याची सोय 2016 मध्ये 1.12 आवृत्तीत मिळाली. झेनमध्ये तर झेनस्टोअरचा (गेस्टची माहिती ठेवणाऱ्या सामायिक कोठाराचा) डिमन चालू होस्टवर बदलताच येत नसे. लाइव्ह अपडेटची सोय 2021 च्या 4.15 मध्ये आली, तीही तंत्रज्ञान-चाचणी म्हणून.

लिबव्हर्टमध्ये पुढचा पेच फाइल डिस्क्रिप्टरचा, म्हणजे प्रोसेसने उघड्या धरलेल्या फाइलींच्या खुणांचा. गेस्टच्या वतीने डिस्कवर लॉक धरायचा तर तो कोणाकडे असावा? एफसीएनटीएलचा (फाइल लॉक करण्याची कर्नलची सोय) लॉक धरणारी प्रोसेस मेली की कर्नल तो सोडून देतं, आणि दोन होस्टनी एकच डिस्क उघडली तर डेटाची माती. म्हणून हे लॉक धरणारा व्हर्टलॉकडी हा डिमन वेगळा निघाला. क्यूईएमयूचा लॉग डिस्क भरून टाकू नये म्हणून 2015 मध्ये व्हर्टलॉगडी आला. तो पाइपमधून लॉग वाचतो आणि डीफॉल्टने 2 एमबीला फाइल बदलतो. हे दोघं सरळ मारले तर लॉक सुटतात, पाइप तुटतात. त्यामुळे एसआयजीयूएसआर1 सिग्नल मिळाला की ते स्थिती फाइलमध्ये लिहितात आणि उघडे डिस्क्रिप्टर तसेच ठेवून स्वतःलाच नव्याने एक्झेक करतात. पीआयडी तोच, आतला प्रोग्राम नवा. यांना रीस्टार्ट नव्हे, रीलोड द्यायचा.

2019 पासून लिबव्हर्टडीचेही तुकडे झाले: व्हर्टक्यूईएमयूडी, व्हर्टनेटवर्कडी वगैरे. नेटवर्कचा डिमन रीस्टार्ट केला तरी ब्रिज (गेस्टना जोडणारा आभासी स्विच) आणि डीएनएसमास्क (त्यांना आयपी पत्ते देणारा प्रोग्राम) जागेवर राहतात. व्हर्च्युअल नेटवर्कच पाडणं ही वेगळी गोष्ट. त्याने गेस्टचं कनेक्शन जातं. नावामुळे फसवणारी एक सर्व्हिस मात्र अजून आहे, लिबव्हर्ट-गेस्ट्स. ती डिमन नाही. होस्ट बंद होताना गेस्ट सेव्ह करणं किंवा बंद करणं हेच तिचं काम, त्यामुळे 'लिबव्हर्टचं सगळंच रीस्टार्ट करू' म्हणत तिलाही थांबवलं की ती ते काम इमानेइतबारे करते.

आणि डिमन बदलला म्हणून क्यूईएमयू बदलत नाही. मे 2015 मध्ये फ्लॉपी कंट्रोलरमधली व्हेनम ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा पॅकेज अपडेट करून डिमन रीस्टार्ट केलेल्या होस्टवर जुनेच क्यूईएमयू चालू राहिले. दुरुस्ती लागू व्हायला प्रत्येक गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणं, किंवा अपडेट केलेल्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करणं (चालू गेस्ट न थांबवता तिकडे हलवणं), हे मार्ग होते.