सॉकेटमधले २३० व्होल्ट आले कुठून?

घरात २३० व्होल्ट येतात असं आपण म्हणतो खरं, पण सॉकेटमधलं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वर ३२५ पर्यंत आणि खाली उणे ३२५ पर्यंत जाऊन येतं, २३० वर ते थांबतच नाही. मग हा आकडा कुठला?

१८३२ मध्ये पॅरिसला पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने फिरवायचा जनरेटर बनवला, त्यातून निघाला एसीच (म्हणजे दिशा सारखी उलटणारा करंट), पण तेव्हा सगळ्यांना बॅटरीसारखा सरळ करंट (डीसी) हवा होता म्हणून शास्त्रज्ञ अँपिअरच्या सल्ल्याने कम्युटेटर (करंटची दिशा पालटून देणारा फिरता स्विच) बसवून तो सरळ करून घेतला. एसीला खरा भाव आला व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमुळे, १८८५ ला बुडापेस्टच्या गांझ कंपनीत आणि १८८६ ला अमेरिकेत स्टॅनलीने तो चालवून दाखवला.

आता पंचाईत अशी की वीज विकायची तर मोजायला हवी ना! चुंबकवाल्या मीटरचा काटा करंटच्या दिशेप्रमाणे हलतो, इथे दिशाच सारखी उलटतेय, म्हणजे काटा जागच्या जागी थरथरणार. डीसी विकणाऱ्या एडिसनचं बिल तर अजून मजेशीर, बरणीत जस्ताच्या पट्ट्या ठेवायच्या आणि करंटने एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर किती गेलं ते बघायला काही दिवसांनी माणूस येऊन त्यांचं वजन करणार, एसीवर हा प्रकार चालणं शक्यच नव्हतं. १८८८ मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणारा शॅलेनबर्गर एसीच्या आर्क दिव्यावर काम करत असताना आत एक स्प्रिंग पडली आणि ती आपोआप फिरताना त्याला दिसली, त्यावरून त्याने एसीचं मीटर बनवलं. जुन्या घरांत ती गोल फिरणारी चकती असायची ना, ती याच घराण्यातली (पुढच्याच वर्षी हंगेरीत ब्लाथीने वॅट-तास मोजणारं केलं).

आकड्याचा प्रश्न सुटला तो उष्णतेमुळे. तार तापायला करंट इकडून गेला की तिकडून याने काही फरक पडत नाही, म्हणून तार तापून लांबते त्यावर चालणारे हॉट-वायर मीटर आले, आणि जेवढ्या डीसीने तार तेवढीच तापते तोच एसीचा आकडा मानायचा असं ठरलं. गणितात सांगायचं तर प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग, त्यांची सरासरी, मग वर्गमूळ, म्हणजेच आरएमएस. सॉकेटमधलं व्होल्टेज गुळगुळीत लाटेसारखं वरखाली होतं, त्या साइन वेव्हला ३२५ भागिले १.४१४, आले २३०.

स्वस्त मल्टीमीटर हे काही करत नाही बरं का, तो उणे बाजू अधिक धरून नुसती सरासरी घेतो आणि १.११ ने गुणतो, साइन वेव्हला हिशोब बरोबर जमतो पण साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हवर किंवा डिमरवर आकडा हमखास चुकतो, म्हणून तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलाच मीटर घ्यावा लागतो, थोडा महाग पडला तरी.