देवमासा म्हणजे व्हेल की व्हेल शार्क?

कोकण किनाऱ्यावर काहीही अवाढव्य वाहून आले किंवा जाळ्यात अडकले की तोंडात नाव एकच येते: देवमासा. पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळे जीव मोडतात. व्हेल हा सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. व्हेल शार्क हा मुशीच्या, म्हणजे शार्कच्या गोतातला, जगातला सर्वांत मोठा मासा. तो कल्ल्यांनी श्वास घेतो. म्हणून एकाला वाचवण्याची रीत दुसऱ्यावर वापरली, तर तो आपल्याच हातून मरतो.

आधी शेपूट बघा. व्हेलचे शेपूट आडवे असते आणि वर-खाली हलते. व्हेल शार्कचे शेपूट उभे असते आणि डावी-उजवीकडे हलते. रात्री जाळ्यापाशी बॅटरी मारली तर व्हेल शार्कच्या करड्या-निळसर पाठीवर फिकट ठिपके आणि पुसट रेघा लगेच उठून दिसतात. तोंड डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला, रुंद फाकलेले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. व्हेलला फटी नसतात. श्वासाचे छिद्र डोक्याच्या वरच्या बाजूला असते आणि त्यातून फस्सकन फवारा उडतो. लांबीवरून ओळखायला जाऊ नका. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो हे खरे, पण जाळ्यातला आठ-दहा मीटरचा जीव दोन्हींपैकी कोणताही असू शकतो.

व्हेल जाळ्यात गुंतला आणि श्वास घ्यायला वर येऊ शकला नाही, तर तो चक्क बुडून मरतो. जाळ्याचा ताण आधी सैल करा, म्हणजे त्याचे डोके पाण्यावर येईल. सोडवायला पाण्यात उडी मारू नका. त्या शेपटीचा एक फटका होडी उलटवायला पुरेसा आहे.

व्हेल शार्कचे नेमके उलट. त्याचे डोके पाण्यावर उचलले की कल्ले कोरडे पडतात आणि तो गुदमरतो. त्याला बोटीवर घेऊ नका, क्रेनने उचलू नका, शेपटीला दोर बांधून मागे ओढू नका. मागे ओढताना पाणी कल्ल्यांत उलट्या दिशेने शिरते आणि श्वास थांबतो. जाळे डोक्याच्या बाजूने कापा आणि त्याला तोंड पुढे करून निघून जाऊ द्या. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या जाळ्यात, आला असेल तर दोर वाळूवर ओढून आणायच्या आधीच, कमरेएवढ्या पाण्यात, जाळे उघडा. तो एकदा वाळूवर टेकला की हातात फार थोडा वेळ उरतो.

किनाऱ्यावर लागलेल्या जिवंत व्हेलला श्वासाची अडचण लगेच येत नाही. त्याला मारतात स्वतःचे वजन आणि उष्णता. पाण्यात तोललेले शरीर वाळूवर फुप्फुसांना दाबते, आणि कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. ओल्या चादरी टाका, सावली करा, पाणी मारत राहा. मात्र श्वासाच्या छिद्रावर चादर नको आणि त्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. तो पोटावरच राहील असे बघा. वल्ह्यासारख्या परांखाली वाळू उकरून खड्डे केले की त्यांवरचा दाब कमी होतो. गर्दी लांब ठेवा. वनविभागाला १९२६ वर फोन करा आणि पुढचे भरतीच्या वेळेनुसार त्यांना ठरवू द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेले देवमाशाचे पिल्लू लोकांनी जीव तोडून पुन्हा समुद्रात नेले, तरी ते वाचले नाही. दूधपित्या पिल्लाला आईशिवाय खोल पाण्यात सोडले तर त्याची जगण्याची शक्यता फार कमी असते. ही गोष्ट मन घट्ट करून मान्य करावी लागते.

कायद्यात मात्र दोघे शेजारी-शेजारी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्क २००१ मध्ये आला. मासा असूनही त्याला वाघाइतके संरक्षण मिळाले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा त्याच्या अवयवांचा व्यापार केल्यास किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि २५ हजारांपेक्षा कमी नसलेला दंड होतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर वाटा फुटतात. व्यावसायिक व्हेल शिकारीवरची बंदी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये ठरवली. व्हेल शार्क मासा असल्याने तो या आयोगाच्या कक्षेतच येत नाही.

‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून पोलीस पकडतात तो अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. व्हेल शार्कचा त्याच्याशी काही संबंध नाही. वाळूवर असा गोळा सापडला तरी तो घरी नेऊ नका, वनविभागाला कळवा. हाडांचेही तेच. वाळूत मोठा मणका मिळाला तर तो व्हेलचा असतो. व्हेल शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो असा टिकत नाही.

आता नुकसानीचे. संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मदार पुराव्यावर. नुसत्या फाटक्या जाळ्याचा फोटो काढला, तर ते कशामुळे फाटले हे त्यात दिसत नाही. म्हणून कापायला घेण्याआधी एका खलाशाच्या हातात मोबाइल द्या आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, त्याला क्रम सांगून ठेवावा: आधी बोटीचा नोंदणी क्रमांक, मग प्राण्याची पाठ आणि शेपूट, मग जाळ्यावर चालणारी सुरी, आणि शेवटी तो पाण्यात दिसेनासा होईपर्यंत रेकॉर्डिंग चालू.