‘डिलिव्हर्ड’ दिसलं म्हणजे सुटलो?

कोल्हापुरात चप्पल लाइनपासून शाहूपुरीतल्या गूळवाल्यांपर्यंत, ऑनलाइन माल पाठवणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: कुरिअरची पावती मिळाली की आपण सुटलो, ‘माल मिळालाच नाही’ असं गिऱ्हाईक म्हणालं तरी पुढचं ते आणि कुरिअर बघून घेतील.

याचं मूळ १९३० च्या माल विक्री कायद्यात सापडतं. वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की तो सकृतदर्शनी, म्हणजे उलट काही दिसेपर्यंत, गिऱ्हाइकाला पोचला, असं हा कायदा मानतो. पण फक्त सकृतदर्शनी! ‘घरपोच’ म्हणून पैसे घेतलेत तर त्या कलमाआड लपणं अवघड. शिवाय मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल असलेल्या दुसऱ्याच्या साइटवर, विकत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं.

म्हणून लगेच पैसे परत करा असं नाही. लबाड गिऱ्हाइकंही असतात. आधी कुरिअरकडून डिलिव्हरीचा पुरावा मागा: सही कुणाची, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, फोटोतलं दार कुणाचं. फोटोत हिरवं लोखंडी गेट आणि गिऱ्हाईक राहतं तिसऱ्या मजल्यावर, तर माल भलत्याच दारी गेला, वाद तिथंच मिटला. ‘बॉक्स रिकामा निघाला’ म्हणत असेल तर बुकिंगचं वजन बघा; कोल्हापुरी चपलेचा जोड काही हवेएवढा हलका नसतो. कुरिअरकडचा दावा मात्र लेखी आणि मुदतीतच करा.