आधीचं बटण कोणी विझवायचं?

टेबल फॅनचं दोन नंबरचं बटण दाबलं की एक नंबरचं खटकन वर येतं. जुन्या मोटारींमधल्या रेडिओलाही अशीच बटणं असायची. आवडीची स्टेशनं एकदा लावून ठेवायची, मग हवं ते बटण दाबायचं, आधीचं आपोआप बाहेर. आत एक पट्टी असते. नवं बटण तिला बाजूला सारतं आणि त्या सरकण्यात आधीच्या बटणाची अडकलेली खाच सुटते. शेजारी कोण दाबलेलं आहे याची फिकीर कुठल्याच बटणाला करावी लागत नाही, ते पट्टी बघून घेते.

स्क्रीनवर निवडलेलं बटण वेगळ्या रंगात दाखवायचं म्हटलं की अडचण रंगाची नसते, ती या पट्टीची असते. नवं बटण उजळणं सोपं. आधीचं कोणी विझवायचं?

अनेक पर्यायांतून एकच निवडायला स्क्रीनवर जे ठिपक्याचं गोल बटण असतं, त्याचं 'रेडिओ बटण' हे नाव मोटारीतूनच आलं. ॲपलने मॅकिंटॉश हा संगणक १९८४ साली आणला. त्याच्या प्रोग्रामरांसाठी निघालेल्या 'इनसाइड मॅकिंटॉश' या ग्रंथात रेडिओ बटण समजावताना मोटारीच्या रेडिओचीच उपमा दिली आहे. मजा अशी, की उपमा दिली तरी पट्टी काही दिली नव्हती. गोल आणि त्यातला ठिपका सिस्टिम काढून द्यायची, पण गटातल्या जुन्या बटणाचा ठिपका पुसण्याचं काम प्रोग्रामरच्याच गळ्यात.

वेबने मात्र सुरुवात चांगली केली. नोव्हेंबर १९९५मध्ये आलेल्या एचटीएमएल (वेबपानं लिहिण्याची भाषा) २.० च्या दस्तऐवजात नियम सरळ आहे: ज्या रेडिओ बटणांचं 'नेम' (कोडमध्ये दिलेलं नाव) एकच, त्यांचा गट एक, आणि गटात एका वेळी एकच निवडलेलं. पट्टी ब्राउझरकडे गेली, कोडची एक ओळ न लिहिता.

हे तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण ब्राउझर तो ठिपका आपल्या पद्धतीने काढायचा, त्याचं रूप बदलायची सोय जवळपास नव्हतीच, आणि डिझायनरना हवे होते टॅब, गोळीच्या आकाराची बटणं, उठावदार मेनू. १९९६च्या नेटस्केप ३ या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडने, पानावरचं चित्र बदलता येऊ लागलं, तेव्हा प्रत्येक बटणाची दोन जिफ चित्रं करायची पद्धत पडली, एक विझलेलं, एक पेटलेलं. वेबपानं बनवायचं ड्रीमवीव्हर हे सॉफ्टवेअर त्यासाठीचं कोड आपणहून लिहून द्यायचं. दिसायला छान. पण ब्राउझरच्या लेखी ती आता बटणं नव्हती, चित्रं होती, आणि त्यांना जोडणारी पट्टी सुटली ती सुटलीच.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेनेही इथे थोडा गोंधळ वाढवला. त्यातलं 'ॲक्टिव्ह' म्हणजे बोट किंवा माउस दाबलेला असेपर्यंतची अवस्था. सोडलं की गेली. २०११मध्ये ट्विटरमधून बाहेर पडलेल्या बूटस्ट्रॅप या तयार डिझाइनच्या संचाने निवडलेल्या गोष्टीसाठी त्याच नावाचा क्लास, म्हणजे रूप ठरवणारी खूणचिठ्ठी, वापरला. 'क्लिक केल्यावर रंग येतो पण टिकत नाही' अशी नवशिक्यांची जी तक्रार असते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा हे एकाच नावाचे दोन अर्थ असतात.

२००६ साली जॉन रेझिग यांची जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडचा संच) आली आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांनी एकच मंत्र म्हटला: क्लिक झालेल्यावर ॲडक्लास (क्लास लाव), त्याच्या सिब्लिंग्जवर, म्हणजे शेजारच्या भावंडांवर, रिमूव्हक्लास (क्लास काढ). एका ओळीत काम फत्ते. मग कोणीतरी मांडणीसाठी प्रत्येक बटणाभोवती एकेक डिव्ह (पानावरचा डबा) गुंडाळायचं. बटणांना भावंडंच उरायची नाहीत, आणि दोन-तीन बटणं एकदम पेटलेली दिसायची. किंवा सर्व्हरकडून यादी नव्याने यायची आणि उजळलेपणच पुसलं जायचं. कारण 'काय निवडलंय' हे दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते त्या क्लासमध्येच होतं. विचारायचं झालं तर पानालाच विचारावं लागे. घरात किती साखर आहे हे डब्याच्या चिठ्ठीवरून सांगण्यातला हा प्रकार.

फेसबुकला हाच प्रश्न मोठ्या आकारात भेडसावत होता. चॅटच्या चिन्हावर न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवीन काहीच नाही. दुरुस्त केलेला हा बग पुन्हा पुन्हा परतायचा, असं त्यांच्याच इंजिनिअरांनी २०१४च्या एफ-एट परिषदेत सांगितलं. एकच माहिती पानावर चार ठिकाणी, आणि चारही जागा हाताने जुळवायच्या! त्याआधी, मे २०१३मध्ये, जॉर्डन वॉक यांनी पानं रचण्याची लायब्ररी म्हणून घडवलेलं रिअ‍ॅक्ट फेसबुकने सर्वांसाठी खुलं केलं होतं. त्यातली भूमिका उलटी होती. पानाला हात लावू नका. स्टेट (कोडने लक्षात ठेवलेली सध्याची स्थिती) बदला, त्या स्टेटप्रमाणे पान कसं दिसावं ते लिहा, बाकी आम्ही पाहतो.

बटणापुरतं बोलायचं तर स्टेटमध्ये एकच किंमत ठेवायची: निवडलेल्या बटणाचा आयडी. रेंडर होताना, म्हणजे पान काढलं जाताना, प्रत्येक बटण आपला आयडी तिच्याशी ताडून बघतं, जुळला तर उजळतं. विझवण्याचं कोड लिहायचंच नाही. किंमत बदलली की जुनं बटण जुळत नाही, एवढंच.

तरीही पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण प्रत्येक बटणाच्या कंपोनंटला (पानाच्या सुट्या भागाला) त्याचं स्वतःचं खरं-खोटं स्टेट देतात. मग सगळी बटणं एकेक करून पेटत जातात आणि विझत नाहीत, कारण पट्टी पुन्हा गायब. स्टेट वर, सगळ्या बटणांना पोटात घेणाऱ्या पालक कंपोनंटमध्ये न्यायचं असतं. आयडीऐवजी अनुक्रमांक ठेवला तर यादी गाळल्यावर उजेड भलत्याच बटणावर जाऊन बसतो, हा त्याच्या पुढचा धडा. रिॲक्टच्या फेब्रुवारी २०१९च्या १६.८ आवृत्तीत हुक्स (स्टेट वगैरे वापरायची आखूड सोय) आले, आधीच्या क्लास कंपोनंटचा (हा क्लास रंगाचा नव्हे, कोड लिहायचा जुना साचा) पसारा युजस्टेटच्या एका ओळीवर आला. मात्र ती ओळ कुठल्या कंपोनंटमध्ये लिहायची हे आजही आपणच ठरवायचं.

एक बाजू मात्र या सगळ्या धावपळीत मागे राहिली. निव्वळ रंग बदलून माहिती देऊ नये, हा नियम अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.० या नियमावलीत २००८पासून आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला रंग कळत नाही, त्याला कोडमध्ये 'एरिया-प्रेस्ड' (दाबलेलं) किंवा मेनूत 'एरिया-करंट' (सध्याचं) सांगावं लागतं. ही माहितीही त्याच स्टेटमधून काढता येते, पण लिहायची राहून जाते. खऱ्या रेडिओ बटणात ती फुकट मिळत होती.

२०२३च्या अखेरीस फायरफॉक्सनेही सीएसएसमधला 'हॅज' हा सिलेक्टर (ज्याच्या पोटात अमुक आहे ते शोधणारा) स्वीकारला आणि तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालू लागला. आता लेबलच्या पोटात रेडिओ बटण ठेवायचं, ठिपका नजरेआड करायचा, आणि सीएसएसला सांगायचं की ज्या लेबलमधलं बटण निवडलेलं आहे ते उजळ. जावास्क्रिप्ट नाही, स्टेट नाही. आधीचं लेबल ब्राउझर विझवतो, १९९५च्या त्याच 'नेम'च्या नियमाने.