ट्रकच्या चाकाचे बेअरिंग (झीज, तपासणी व बदल)

जुन्या मालवाहू ट्रकच्या पुढच्या प्रत्येक हबमध्ये (चाकाच्या मधल्या फिरत्या भागात) दोन टेपर रोलर बेअरिंग असतात : आत ऑइल सीलकडे (ग्रीस अडवणाऱ्या कडीकडे) मोठे, बाहेर टोपीकडे लहान. निमुळते रोलर एकमेकांच्या उलट दिशेने कललेले असल्याने गाडीचे वजन आणि वळणावरचा आडवा दाब दोन्ही पेलले जातात. या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये मिळवले. बेअरिंग किती टिकेल, हे त्याच्या दर्जाइतकेच हबनट (हब जागेवर धरणारा नट) किती आवळला यावर ठरते.

झिजलेले बेअरिंग वेगाबरोबर वाढणारी घरघर करते. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा तसाच राहतो. डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजव्या चाकावर संशय घ्यावा, कारण वळणात वजन बाहेरच्या चाकावर जाते. खात्रीसाठी अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली की मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कायम राहिली तर किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिचा). ही एक कसोटी टाळल्यामुळे कित्येक चांगले बेअरिंग विनाकारण बदलले जातात. फक्त हब तापत असेल तर ब्रेक घासतो आहे का, तेही बघावे.

काम सुरू करताना मागच्या चाकांना ओट (चाक घरंगळू न देणारे ठोकळे) लावून अ‍ॅक्सल घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. अनेक जुन्या ट्रकांत डाव्या बाजूचे चाकनट उलट्या आट्यांचे असतात. ब्रेक ढिला करून टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढले की बाहेरचे बेअरिंग हातात येते, मग हब ओढून घ्यावा. भाग डिझेलने धुऊन बघावेत : खड्डे पाण्याने किंवा थकव्याने पडतात, निळसर रंग उष्णतेचा. धुतलेले बेअरिंग हवेच्या दाबाने फिरवू नये, रोलर धरणारा पिंजरा फुटून रोलर उडतात.

नवे घेताना जुन्यावरचा क्रमांक वाचावा. ३२३१० मधल्या शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतला व्यास मिळतो, ५० मिमी. कप (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) आणि कोन (रोलरांसह आतली कडी) नेहमी जोडीनेच बदलावेत. जुन्या कपावर नवा कोन लवकर खराब होतो. कप पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या दांड्याने) आळीपाळीने समोरासमोर ठोकून काढावा व बसवावा. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. कप हबमध्ये सैल फिरत असेल तर पंचाने खुणा मारून घट्ट करण्याची पद्धत चुकीची आहे. आधार काही ठिपक्यांवरच राहतो आणि कप पुन्हा फिरतो. अशा वेळी हब बदलावा.

लिथियम ग्रीस रोलरांच्या रुंद बाजूने दाबून अरुंद बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये : जास्तीचे ग्रीस तापून सीलमधून ब्रेक लायनरवर येते. दोन जातींचे ग्रीस मिसळले तर ते पातळ होऊन वाहू शकते. सील दर वेळी नवे, त्याचा ओठ (लवचिक कड) बेअरिंगकडे.

आता नट. पुस्तिकेत आकडे असतील तर तेच पाळावेत. नसतील तर जड ट्रकांसाठी रूढ क्रम असा : हब फिरवत सुमारे २७० न्यूटन-मीटरने आवळून रोलर बसवणे, एक फेरा सैल करणे, पुन्हा ६८ ने आवळणे आणि मग आट्यांनुसार एक षष्ठांश ते पाव फेरा मागे घेणे. डायल गेजवर (काटा असलेल्या सूक्ष्म मापकावर) मोकळीक, म्हणजे हब आत-बाहेर सरकण्याचे अंतर, ०.०२५ ते ०.१२५ मिमी यावी. घट्ट राहिले तर बेअरिंग जळते, फार सैल राहिले तर रोलरच्या कडांवर भार येतो आणि सीलही झिजते. स्प्लिट पिन जुनी वापरू नये.

मागच्या फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये (ज्यात वजन हाफ-शाफ्टवर नसून बाहेरच्या नळीवर असते) आधी हाफ-शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, ओढून काढतात. तिथे बहुधा दोन नट आणि मध्ये लॉक वॉशर असतो. बाहेरचा नट आवळला की मोकळीक बदलते, म्हणून ती पुन्हा मोजावी. काम झाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून हबला हात लावून बघावा : कोमट असावा. हात ठेवता येत नसेल आणि ब्रेक मोकळा असेल, तर मोकळीक कमी पडली आहे.